धावण्याचा खाडा

पोरी, धावण्याचा खर्च घरच्या चर्चेत येऊ देऊ नकोस. माझा पहिला कानमंत्र हाच, आणि बाकीचे सगळे याच्याच पोटातून निघालेत.

आपल्यासारख्या घरात ज्या गोष्टीला दर महिन्याला पैसे लागतात, ती दर महिन्याला तपासली जाते. खोलीभाडं वाढलं, गॅस महागला, धाकट्याची फी आली, की पहिली कात्री तिलाच लागते. "आता ते पळणं राहू दे थोडं," असं कुणीतरी म्हणतं, आणि तेही मायेनंच म्हणतं. माण तालुक्यातल्या शाळेत मी नोकरीभर मुलींना खेळ शिकवला. चांगल्या पळणाऱ्या मुली थांबल्या त्या पाय दुखले म्हणून क्वचितच. बहुतेकींचं पळणं कुणाच्या तरी खर्चाच्या यादीत जाऊन बसलं आणि तिथून खोडलं गेलं. म्हणून पैसे नसताना उमेद कशी टिकवायची असं तू विचारलंस, तेव्हा मला बरंच वाटलं. कमी पैशात भागवायची सवय तुला आत्ताच लागली, तर पुढे नोकरी सुटली, गाव बदललं, लग्न झालं, तरी पहाटेचा रस्ता कुणी तुझ्याकडून काढून घेणार नाही.

पण स्वस्तात पळणं म्हणजे हाल काढणं नव्हे. भाषणांतून अनवाणी पळणाऱ्या पोरींचं फार कौतुक होतं, त्याला भुलू नकोस. शंभर वर्षांपूर्वी पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिली. टाळ्या वाजवून ते घरी गेले नाहीत. त्यांनी खटपट केली, पैसा उभा केला आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचे खेळाडू गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. सावरपाड्याची कविता राऊतही लहानपणी डोंगरवाटांनी अनवाणीच पळायची. पण २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा तिच्या पायांत नीट बूट होते. बूट नसणं ही या सगळ्यांची अडचण होती. ती अडचण तू मुद्दाम ओढवून घ्यायची गरज नाही.

तेव्हा पैसे जिथे घालायचे तिथे घाल. ठिकाणं दोनच. एक, बूट. संध्याकाळी दुकानात जा, दिवसभराच्या कामानं पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटली पाहिजे. गेल्या वर्षीचा नमुना बराच कमी किमतीला मिळतो आणि पायाला त्यातलं काही कळत नाही. ते बूट फक्त पळायला वापर, बाजाराला नको, दुकानात उभं राहायला तर अजिबात नको. जिभेच्या आतल्या बाजूला पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेव. पाचशे ते आठशे किलोमीटरपर्यंत ते चालतात, मग तळ मरतो. पावसात भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळव, उन्हात किंवा शेगडीपाशी ठेवलेस तर चिकटवलेलं सुटतं. दुसरं ठिकाण, आतले खेळाचे कपडे, तेही दोन जोड. या बाबतीत मुली लाजतात आणि मग लांब पळणंच टाळतात. बाकी कबड्डीच्या स्पर्धेत मिळालेला टी-शर्ट चालतो. घासतं तिथे खोबरेल लाव. घड्याळ, पट्टे, काळे चष्मे यांच्या नादाला लागू नकोस.

आता उमेदीचं. उमेद येईल आणि मग मी उठेन, अशी वाट पाहायची नाही. ती येते, पण बहुतेकदा निघाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरला येते. त्याआधी तुला काहीतरी दारापर्यंत ओढून नेणारं लागतं. तुझ्या खोलीत कालनिर्णय आहे ना? आई त्यावर दुधाचा खाडा मांडायची, तसा तू धावण्याचा खाडा मांड. लोक पळालेल्या दिवसांवर खुणा करतात, चार-पाच खुणा झाल्या की खूश होतात आणि मग एक दिवस खुणा थांबल्याचं त्यांच्या ध्यानातही येत नाही. तू पळालीस त्या दिवशी काही लिहू नकोस, तो तर रोजचा रतीब. ज्या दिवशी पळायचं ठरलं होतं आणि पळाली नाहीस, तिथे 'खाडा' लिही आणि पुढे एका शब्दात कारण. पाहुणे. ताप. आळस. जे खरं असेल ते. नियम एकच ठेव, सलग दोन खाडे नाहीत. एका खाड्यानं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी नुसती दहा मिनिटं जाऊन आलीस तरी साखळी जुळते. महिनाअखेरीला कारणं वाचून काढ. 'आळस' चार वेळा आला आणि चारही वेळा सोमवारी आला, तर आळशी तू नाहीस, रविवारी रात्री तू उशिरा झोपतेस. मग रविवारची रात्र दुरुस्त कर. आठवड्यातला ठरलेल्या विश्रांतीचा दिवस मात्र खाड्यात धरायचा नाही.

आणि एकटी पळू नकोस. इथे मला वारी सांगावी लागेल. माउलींची पालखी आळंदीहून निघते, आपल्या सातारा जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण करत पंढरपूरला पोचते. सुमारे अडीचशे किलोमीटर, अडीच-तीन आठवडे. साठी-सत्तरीच्या बाया डोक्यावर तुळस घेऊन ते चालतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणींनी उरलेल्या वर्षात एकदाही व्यायाम म्हणून पाऊल उचललेलं नसतं. श्रद्धा असतेच. पण नीट बघ, प्रत्येकीची दिंडी ठरलेली, दिंडीतली जागा ठरलेली, शेजारीण ठरलेली. एखादी मागे राहिली तर मुक्कामाला पोचायच्या आत तिची चौकशी होते. आपण आलो नाही हे कुणाला तरी कळणार आहे, एवढ्यावर माणसं फार लांब जातात.

तुझी दिंडी शोधायला पैसे पडत नाहीत. पहाटे कुठल्याही मोठ्या मैदानावर जा, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली भेटतील. त्यांची परीक्षा आठशे मीटरची आणि तुला जायचंय हाफ मॅरेथॉनचे एकवीस किलोमीटर, म्हणजे सराव वेगळा. हरकत नाही. सुरुवातीचे दोन फेरे त्यांच्याबरोबर सावकाश घे, आठवड्यातून एकदा त्यांच्या वेगाच्या सरावात घुस, तुझे पाय मोकळे होतील. त्या पोरींचं पळणं पोटासाठी आहे, त्या उगाच घरी राहत नाहीत. त्यांच्यात राहिलीस तर तुझेही खाडे कमी होतील. त्यांतल्या एकीला तरी रात्री निरोप पाठव, "उद्या साडेपाच." निरोप पाठवून झोपलेली मुलगी सहसा उठते.

अंधारात रस्त्यानं पळायची वेळ आली तर उजव्या कडेनं पळ, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. कानात गाणी नकोत. पांढरा किंवा पिवळा टी-शर्ट घाल. कुठल्या रस्त्यानं जातेस ते घरमालकिणीला सांगून जा.

ट्रॅक नाही म्हणून अडून बसू नकोस. मोहीची ललिता बाबर आपल्या माणातलीच. २०१६ साली रिओला ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. १९८४ ला पी. टी. उषा अंतिम फेरीत पळाली होती, त्यानंतर बत्तीस वर्षांनी भारताची एक मुलगी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीला उभी राहिली. तिची सुरुवात ज्या मातीत झाली ती माती तू पाहिलेली आहेस. मोजमापाला रस्ता पुरतो. हमरस्त्याच्या कडेला किलोमीटरच्या दगडांच्या मधे लहान दगड असतात, त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे. दर दोनशे मीटरला एक. दोन दगड जोरात, दोन दगड हळू, असं सहा-आठ वेळा केलंस की मोठ्या शहरातली पोरं पैसे भरून करतात तोच सराव झाला. वेगाचा सराव, हा किंवा भरतीच्या मुलींबरोबरचा, आठवड्यातून एकदाच. बाकीचे सगळे दिवस सावकाश.

सावकाश म्हणजे किती, हे मी मुलींना असं सांगायची: पळता पळता अभंगाचं एक कडवं न तुटता म्हणता आलं पाहिजे. मधेच श्वास लागला तर तू जोरात पळते आहेस. नव्या मुली इथेच फसतात. रोज धापा टाकत पळतात, तीन आठवड्यांत त्यांना पळण्याचा धसका बसतो आणि मग म्हणतात मन लागत नाही. मन कसं लागेल? रोज जे दुखतं त्याच्याकडे कुणाचं मन ओढ घेत नाही. चार दिवस असे पळ की घरी आल्यावर वाटलं पाहिजे, अजून थोडं चाललं असतं. ती उरलेली भूक दुसऱ्या दिवशी तुला उठवते.

रविवारच्या लांब पल्ल्याला माझी एक युक्ती आहे, ती मी फार मुलींना दिली. एसटीनं लांब जा आणि पळत परत ये. बायकांना २०२३ पासून अर्धंच तिकीट आहे, तेव्हा दहा-बारा किलोमीटरचा प्रवास चहाच्या पैशांत होतो. पहाटेची गाडी पकड, ठरलेल्या फाट्यावर उतर, गाडी पुढे जाऊ दे. आता घर तिकडे आहे आणि तू इकडे. गोल फेरे मारताना दर फेऱ्याला घरी जायचा मोह होतो, इथे तो होतच नाही, कारण घराकडेच तर निघालीस. वाटेत गावं लागतात, हातपंप लागतो, अंतर डोळ्यांना दिसतं. खिशात परतीच्या तिकिटाएवढे सुटे पैसे ठेव, पाय मुरगळला तर हात दाखवून गाडीत बसायचं. दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर पुढच्या थांब्याला उतर, आणि चौथ्या आठवड्याला मुद्दाम जवळ उतर, अंगाला सावरायला वेळ मिळतो.

पळणं असं जाण्यायेण्यात मिसळलं की त्यासाठी वेगळा वेळ कमी लागतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेला शाळा सहा किलोमीटर लांब होती, गाडीची सोय नव्हती, तो चालत-पळत जायचा. तेव्हा त्याला खेळाडू व्हायचं नव्हतं, शाळेत पोचायचं होतं. खेळ म्हणून पळणं तो फौजेत गेल्यावर सुरू झालं, आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य जिंकलं. सुवर्ण हुकलं ते एका सेकंदाच्या पाच शतांशानं. तुझं दुकान खोलीपासून चार किलोमीटरवर आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी रिक्षा सोड आणि पळत घरी ये. वाचलेलं भाडं एका डब्यात टाक. तो डबा धावण्याचा. बूट त्यातून, शर्यतीची फी त्यातून, आणि घरच्या पैशाला हात नाही.

आता खाण्याचं, आणि हे जरा बैजवार ऐक. काटकसर ताटात करायची नाही. पैसे वाचवायला एक जेवण गाळणारी आणि बारीक व्हायला भाकरी सोडणारी, दोघी काही महिन्यांत सारख्याच दिसतात: चिडचिड, झोप नाही, नडगीला दुखणं, आणि मग 'उमेद गेली'. उमेद कुठे गेलेली नसते, पोट रिकामं असतं. पाळीच्या तारखा खाड्याशेजारीच लिहीत जा. पळायला लागल्यावर तीन महिने पाळी आलीच नाही, तर ती तब्येत कमावल्याची खूण समजू नकोस. अंगाला पुरेसं मिळत नाही असा त्याचा अर्थ बहुधा असतो, हाडं अशानंच कमकुवत होतात. सरळ डॉक्टरांकडे जा.

पावडरीचे डबे नकोत. बाजरीची भाकरी, मटकी, हरभऱ्याची उसळ, ताक, अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीसच्या आसपास, आणि सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत त्याच्या दुपटीनं. वड्या भिजवून रश्श्यात टाकल्या की झालं. पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पोटात गेलं पाहिजे, मग ते शेंगदाणे-गूळ का असेना. दीड तासाच्या वर पळायचं असेल तर वाटेत तासाला तीसेक ग्रॅम तरी गोड लागतं. एक केळं आणि गुळाचा लहानसा खडा, किंवा राजगिऱ्याची वडी रुमालात बांधून ने. शर्यतीत विकतची चिकट पुडी फोडायची आणि पोट बिघडवून घ्यायचं, हे नको. जे शर्यतीत खाणार तेच रविवारी खाऊन बघ. पाणी घरीच तयार कर: एक लिटर पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. मिठाचा चमचा सपाट हवा, शीग नको.

शर्यत वर्षाला एकच मोठी धर. फी, प्रवास, राहणं, सगळं धरलं की मुंबई-पुण्याच्या मॅरेथॉनला पगारातला चांगलाच तुकडा जातो. आणि दर महिन्याला शर्यत असली की सराव कुठलाच धड होत नाही. तू साताऱ्यातच आहेस, आपली हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वराच्या घाटात चढते. बाहेरगावचे लोक त्या घाटासाठी गाड्या करून येतात आणि तुला तो रोज फुकट आहे. नावनोंदणी उघडली की त्याच दिवशी डब्यातून पैसे काढ, ती लवकर भरते. फी भरली की मनाला एक मुक्कामही मिळतो. मधल्या काळात शिवजयंतीच्या, पंधरा ऑगस्टच्या गावोगावच्या शर्यती पळ, त्यांना फी नसते किंवा नावापुरती असते, आणि गर्दी उभी राहून नावानं हाका मारते.

घाटाचा एक इशारा. चढाला सगळे घाबरतात, मांड्या फोडतो तो उतार. सरावात उतारही पळ, लहान पावलं टाकत, मागे रेलून ब्रेक न लावता. अजिंक्यताऱ्याच्या वाटेनं आठवड्यातून एकदा चढून ये. घरी बैठका आणि दोरी, दहा मिनिटं पुरे. पायांची नखं शर्यतीच्या चार दिवस आधी काप, आदल्या रात्री नको.

आणि एखाद्या पहाटे खरंच नको वाटेल. तेव्हा मनाशी वाद घालत बसायचं नाही. बूट घाल, मारुतीच्या देवळापर्यंत चालत जा. तिथे पोचूनही नको वाटलं तर परत ये आणि 'खाडा' लिही, मी रागावणार नाही. मात्र ताप असेल, किंवा एखादं दुखणं असं असेल की पाय वाकडा पडतोय, तर देवळापर्यंतसुद्धा जायचं नाही. त्या दिवशी झोपणं हाच सराव.

महिना-दोन महिने असंच नको वाटत राहिलं, चढाला दम लागायला लागला, जिन्यावर छातीत धडधडलं, तर मनाला दोष देण्याआधी रक्त तपास. आपल्या देशात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि पळणाऱ्या मुलीला लोह जास्तच लागतं. मन मारून उठणाऱ्या, स्वतःला आळशी म्हणवून घेणाऱ्या कितीतरी मुलींचं हिमोग्लोबिन कमी निघालेलं मी पाहिलंय. गोळ्या चालू झाल्यावर त्याच मुली पहाटे माझ्याआधी मैदानावर हजर असायच्या. जेवणाबरोबर चहा घेऊ नकोस, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. तासभर मागे-पुढे ठेव. उसळीवर लिंबू पिळ, त्यानं लोह जास्त लागू पडतं. गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करायच्या नाहीत.

फोनवर तू दोनदा म्हणालीस की हल्ली घाटात मधेच थांबावं लागतं. गुरुवारी तुझं दुकान बंद असतं. सकाळी सरकारी दवाखान्यात जा, हिमोग्लोबिन तिथे फुकट तपासतात. आकडा बाराच्या खाली आला तर तिथल्या डॉक्टरांना पळतेस हे सांग, आणि संध्याकाळी मला फोन कर.